तराजू, डॉक्टर आणि मीर जाफर: एका फॉरवर्डची हिशेब तपासणी

आमच्या निवृत्तांच्या ग्रुपवर एक फॉरवर्ड वर्षातून दोन-तीनदा तरी फिरून येतो. यंदा तो तिघांनी टाकला, तिसऱ्याने तर पहिल्या दोघांचा न वाचताच. मजकूर साधारण असा:

‘इंग्रज इथे फक्त व्यापार करायला आले होते. मूठभर गोरे, हातात तराजू. एका इंग्रज डॉक्टरने शहाजहानच्या भाजलेल्या मुलीला बरं केलं आणि बक्षीस म्हणून कंपनीसाठी करमाफीचं फर्मान मागून घेतलं. आपले राजे झोपले होते, कुणाला काही कळलंच नाही. प्लासीला मीर जाफरने गद्दारी केली आणि एका दिवसात देश गेला. व्यापार करता करता चुकून राज्य हातात आलं! पुढे पाठवा.’

मी इतिहासाचा प्राध्यापक नाही. बँकेत हिशेब तपासण्यात बत्तीस वर्षं गेली. त्यामुळे खोड अशी लागली आहे की कुठलीही गोष्ट वाचली की आधी विचारावं, पैसा आला कुठून आणि गेला कुठे. या फॉरवर्डमध्ये डॉक्टर आहे, गद्दार आहे, तराजू आहे. गल्ला तेवढा कुठे दिसत नाही. म्हणून एकेक वाक्य घेऊन बसलो.

‘फक्त व्यापार करायला आले होते’

व्यापाराला आले हे खरं. अडचण ‘फक्त’ या शब्दाची आहे.

३१ डिसेंबर १६०० रोजी एलिझाबेथ राणीने ईस्ट इंडिया कंपनीला सनद दिली. केप ऑफ गुड होपच्या पूर्वेकडचा इंग्लंडचा सगळा व्यापार पंधरा वर्षं या एका मंडळीचा, दुसऱ्या कुणा इंग्रजाने तिकडे फिरकायचं नाही. म्हणजे जन्मच मक्तेदारीचा. आणि पहिली सफर भारताकडे आलीच नाही. जेम्स लँकेस्टर १६०१ मध्ये निघाला तो सुमात्रातल्या आचे आणि जावातल्या बांतामकडे, मिऱ्यांसाठी. वाटेत मलाक्काच्या सामुद्रधुनीत त्याने पोर्तुगीजांचं एक थोरलं जहाज लुटलं. त्यात काय होतं? भारतातलं कापड. तिकडच्या बेटांवर मिरी घ्यायची तर हेच कापड चालायचं. कंपनीच्या पहिल्याच खेपेच्या जमेच्या बाजूला लुटीचा माल आहे, हे फॉरवर्ड लिहिणाऱ्याला कुणी सांगितलं नसावं.

सुरतेला कंपनीचं गलबत लागलं १६०८ मध्ये. कप्तान हॉकिन्स जहांगिराच्या दरबारी जाऊन राहिला, तुर्की बोलायचा, त्यामुळे मर्जीही बसली. पण पोर्तुगीजांच्या दबावापुढे हाती काही लागलं नाही. लागलं ते १६१२ नंतर, सुरतेजवळ सुवाळीच्या समुद्रात टॉमस बेस्टने पोर्तुगीज जहाजांना मागे रेटल्यावर. पुढच्याच वर्षी सुरतेत वखार पक्की झाली. मोगलांकडे समुद्रावर लढणारं आरमार नव्हतं, हजच्या जहाजांना पोर्तुगीज त्रास देत होते, तेव्हा एका टोपीकराला, म्हणजे युरोपियनाला, दुसरा टोपीकर तोडीस तोड म्हणून उभा करणं त्यांना सोयीचं होतं. वखार मिळाली ती तोफांची ताकद दाखवून.

‘फक्त व्यापार’वाल्यांच्या बाजूने एक साक्षीदार आहे, त्याचं नाव लपवणं बरं नव्हे. इंग्लंडच्या राजाचा वकील टॉमस रो १६१५ ते १६१९ इथे होता. त्याने कंपनीला बजावलं की नफा समुद्रावर आणि शांतपणे केलेल्या व्यापारात आहे, या देशात किल्ले, शिबंदी (पगारी फौज) आणि जमिनीवरच्या लढाया यांच्या नादी लागणं ही चूक ठरेल. पोर्तुगीज आणि डच यांचा सगळा नफा शिबंदी खाते, हे त्याने पाहिलं होतं. सल्ला शहाण्या मुनिमाचा आहे: परवडत नाही, म्हणून करू नका. परवडायला लागलं तर काय, हा प्रश्न त्याने सोडवला नाही.

सत्तर वर्षांत सल्ल्याची हवा गेली. १६३९ मध्ये मद्रासची जागा मिळाली, तिथे किल्ला उठला. १६६१ च्या सनदेने कंपनीला बिगर-ख्रिस्ती राजांशी युद्ध आणि तह करण्याचा अधिकार दिला. व्यापाऱ्याला हा अधिकार कशाला लागतो, ते ज्याचं त्याने ठरवावं. दुसऱ्या चार्ल्सला हुंड्यात आलेली मुंबई १६६८ मध्ये वर्षाला दहा पौंड भाड्याने कंपनीकडे आली. आणि १६८६ मध्ये लंडनमधल्या जोसाया चाइल्ड या कारभाऱ्याने चक्क औरंगजेबाशी युद्ध काढलं. जहाजं आली, सैनिक आले, हुगळीला चकमकी झाल्या. फळ काय मिळालं? मोगलांच्या बाजूचा जंजिऱ्याचा सिद्दी याकूतखान मुंबईत उतरला, शिवडी, माझगाव, माहीम त्याच्या हातात गेलं आणि इंग्रज किल्ल्यात कोंडले गेले. १६९० मध्ये बादशहापुढे नाक घासून, दीड लाख रुपये दंड भरून माफी मिळवली. पण त्या धामधुमीतच, १६८७ मध्ये, लंडनहून मद्रासला गेलेल्या पत्रात उद्देश स्वच्छ लिहिलेला आहे: अशी मुलकी आणि लष्करी सत्ता उभी करा, असा महसूल लावा, की भारतात इंग्रजांच्या कायमच्या राज्याचा पाया पडेल. प्लासीच्या सत्तर वर्षं आधी!

‘एका डॉक्टरने फर्मान मागून घेतलं’

गोष्ट गोड आहे. तारखा जुळत नाहीत.

शहाजहानची ती मुलगी जहांआरा भाजली मार्च १६४४ मध्ये, आणि त्याच वर्षाअखेरीपर्यंत ती बरी होऊन तिचा उत्सवही झाला. गोष्टीतला डॉक्टर गेब्रिएल बाउटन सुरतेहून आग्र्याकडे निघाला १६४५ मध्ये. पेशंट हिंडूफिरू लागल्यावर डॉक्टर दारात!

दुसरा एक डॉक्टर खरा आहे, बहुधा दोघांची सरमिसळ झाली असावी. विल्यम हॅमिल्टनने १७१५ मध्ये फर्रुखसियर बादशहाला दुखण्यातून उठवलं. तेव्हा इंग्रजांची वकिली दिल्लीत होती आणि १७१७ मध्ये फर्मानही मिळालं. पण बादशहा बरा झाल्यावर तब्बल वर्षाहून जास्त काळ ही मंडळी नजराणे वाटत ताटकळत बसली होती. सुरतेची वखार उठवू अशी कुजबूज सुरू झाली तेव्हा कागद हलले, कारण वखार गेली तर बंदराची जकात बुडणार होती. बादशाही मेहेरबानीपेक्षा तिथेही हिशेबच जास्त चालला.

फर्मानात काय होतं, ते मात्र लक्षात ठेवायचं. बंगालमध्ये वर्षाला अवघे तीन हजार रुपये भरायचे आणि जकात माफ. ही माफी कंपनीच्या मालाला होती. तिच्यावर चालणारा परवाना म्हणजे दस्तक. हा शब्द पुढे पुन्हा येणार आहे.

‘आपले राजे झोपले होते’

हे वाक्य वाचून मला खरोखर राग येतो, कारण ते आपल्याच माणसांवर अन्याय करतं.

१६६० मध्ये शिवाजी महाराज पन्हाळ्यावर वेढ्यात असताना राजापूरच्या वखारीतला हेन्री रेव्हिंग्टन सिद्दी जौहरच्या बाजूने दारूगोळा घेऊन गेला आणि आपलं निशाण लावून गडावर मारा केला. व्यापारी! पुढच्याच वर्षी महाराजांनी राजापूरची वखार लुटली आणि तिथले इंग्रज कैदेत टाकले. ही झोप म्हणायची? १६७४ मध्ये हेन्री ऑक्झिंडेन राज्याभिषेकाला रायगडावर आला, तोही राजापूरच्या नुकसानभरपाईची थैली मोजून घेता येते का ते पाहायला.

अठराव्या शतकाच्या सुरुवातीचं रामचंद्रपंत अमात्यांचं आज्ञापत्र आहे. त्यात टोपीकरांविषयी साफ सांगितलंय की हे बाकीच्या सावकारांसारखे नव्हेत, यांच्या मागे यांची राज्यं उभी आहेत, यांना मुलूख हवा असतो. म्हणून वखारीला जागा द्यायचीच तर समुद्रकाठी, खाडीच्या तोंडाशी देऊ नये, आत द्यावी, पक्की इमारत बांधू देऊ नये. हा माणूस कंपनीला आजच्या फॉरवर्डवाल्यांपेक्षा नीट ओळखत होता. बंगालमध्ये नवाब अलीवर्दीखान आणि त्याच्यानंतर नवाब झालेला त्याचा नातू सिराजउद्दौला यांचाही आक्षेप हाच: परवानगीवाचून तटबंदी वाढवता, आणि दस्तकांचा गैरवापर करता.

मग झालं काय? कळत सगळ्यांना होतं, पण प्रत्येकाला इंग्रजांचा उपयोग शेजाऱ्यावर करून घ्यायचा होता. कान्होजी आंग्र्यांनी १७१७ ते १७२१ मुंबईकरांचे हल्ले परतवले. विजयदुर्ग, खांदेरी, कुलाबा, कुठेच इंग्रजांना शिरकाव मिळाला नाही. तेच विजयदुर्ग फेब्रुवारी १७५६ मध्ये पडलं, तुळाजी आंग्र्यांचं आरमार धक्क्यालाच जळालं, आणि त्या मोहिमेत इंग्रजांच्या जोडीला होते नानासाहेब पेशवे. घरचा हिशेब चुकता करायचा होता. किल्ला इंग्रजांनी महिनोन् महिने सोडला नाही. शेवटी बाणकोट दिल्यावर दिला. विजयदुर्गावर चालून आलेले दोघे सेनानी म्हणजे अ‍ॅडमिरल वॉटसन आणि कर्नल क्लाइव्ह. त्याच वर्षाअखेर हेच दोघे हुगळीच्या मुखात पोचले. कोकणातलं आरमार आपणच मोडायला मदत केली आणि पुढच्या वर्षी प्लासी झाली. फॉरवर्डमध्ये हे कोण घालणार!

‘मीर जाफरने गद्दारी केली आणि एका दिवसात देश गेला’

इथे गल्ला उघडू या.

दीडशे वर्षं कंपनीची एकच डोकेदुखी होती. इथलं कापड, रेशीम, बंदुकीच्या दारूसाठी सोरा, नीळ तिला हवं, पण तिच्याकडचं इथे कुणाला नको. इंग्लंडचं जाड लोकरी कापड सुरतेच्या उकाड्यात घेणार कोण? शोभेला चार हत्तींवर झुली घातल्या की संपलं. म्हणून जहाजं येत ती चांदी भरून. बहुतेक वर्षी पाठवलेल्या ऐवजात दोन तृतीयांशाहून जास्त रोकड चांदी असे, मूळची स्पेनच्या अमेरिकेतल्या खाणींतली. इंग्लंडात ओरड व्हायची की ही मंडळी देशाची चांदी पूर्वेला ओतताहेत. बंगालमध्ये ही चांदी उतरली की मुर्शिदाबादच्या टांकसाळीत जायची, आणि टांकसाळीवर पकड होती जगतशेठ घराण्याच्या पेढीची. म्हणजे कंपनी ही जगतशेठांची गिऱ्हाईक होती. हे नातं ध्यानात घेतल्याशिवाय प्लासी कळत नाही.

२३ जून १७५७. क्लाइव्हकडे तीनेक हजार माणसं, त्यातली दोन हजारांवर देशी शिपाई. नवाबाकडे पन्नास हजारांच्या आसपास, पण त्यांतले बरेचसे त्याचाच सेनापती मीर जाफर वगैरेंच्या हाताखाली स्वस्थ उभे. गद्दारी झाली, वाद नाही. मात्र ती एका माणसाच्या मनात एके रात्री आली नव्हती. नव्या नवाबाने दुखावलेले जगतशेठ, सरदार आणि कंपनीची कलकत्ता कौन्सिल यांच्यात आधी रीतसर करार झाला, कुणाला किती रक्कम मिळणार याच्या याद्या झाल्या. मध्यस्थ अमीचंदने जास्त तोंड उघडलं, तेव्हा त्याच्यासाठी लाल कागदावर वेगळा खोटा करारनामा केला. वॉटसनने त्यावर सही करायला नकार दिला, तर त्याची सही दुसऱ्याकडून ठोकून घेतली. बत्तीस वर्षांत खोट्या सह्या मी पुष्कळ पकडल्या, पण साम्राज्याच्या पायातला पहिला कागद असा असावा, याची गंमत वाटते. क्लाइव्हला एकट्याला या व्यवहारात दोन लाख चौतीस हजार पौंड मिळाले. कंपनीच्या साध्या कारकुनाचा पगार तेव्हा वर्षाला पाच पौंड होता.

आणि पाच पौंडांवर इतक्या लांब मरायला कोण येतं? खासगी व्यापारासाठी येतात. प्लासीनंतर या कारकुनांनी आणि त्यांच्या गुमास्त्यांनी (देशी दलालांनी) कंपनीची दस्तकं स्वतःच्या मीठ, सुपारी, तंबाखूवर लावली. देशी व्यापारी जकात भरणार, साहेबाचा गुमास्ता भरणार नाही. बाजारात कोण टिकेल? सिराजच्या जागी नवाब केलेला मीर जाफर कबूल केलेली रक्कम देऊ शकेना म्हणून १७६० मध्ये त्याला काढून मीर कासीमला बसवलं, त्याच्याकडून बर्दवान, मिदनापूर, चितगाव हे जिल्हे घेतले. मीर कासीमने शेवटी साधं, चोख उत्तर दिलं: १७६३ मध्ये जकात सगळ्यांनाच माफ केली. कंपनीच्या माणसांना फटका बसला आणि युद्ध पेटलं. म्हणजे ‘मुक्त व्यापार’ केल्याबद्दल नवाबावर युद्ध! हा प्रसंग एकाही फॉरवर्डमध्ये येत नाही, आणि माझ्या मते सगळ्या गोष्टीची किल्ली तिथेच आहे.

२२ ऑक्टोबर १७६४ ला बक्सारला मीर कासीमचा पक्ष घेऊन अवधचा नवाब शुजाउद्दौला आणि खुद्द बादशहा शाह आलम होते. तिथे निकाल लागला तो लढून, कुण्या मीर जाफरची गरज पडली नाही. म्हणून तो दिवस पाठ्यपुस्तकाच्या कोपऱ्यात राहिला. नाटकाला खलनायक लागतो ना. १२ ऑगस्ट १७६५ रोजी बादशहाने बंगाल, बिहार, ओरिसाची दिवाणी, म्हणजे महसूल वसूल करण्याचा हक्क, कंपनीला दिली. बदल्यात त्याला वर्षाला २६ लाख रुपये. क्लाइव्हने लंडनला लिहिलेला अंदाज असा की सगळा खर्च वजा जाता १२२ लाख रुपये, म्हणजे साडेसोळा लाख पौंड, निव्वळ उरतील.

आता चांदीची डोकेदुखी आठवा. बंगालच्या रयतेकडून शेतसारा गोळा करायचा आणि त्याच पैशाने बंगालच्या विणकराकडून कापड विकत घ्यायचं. विणकराने दिलेल्या करातूनच विणकराची मजुरी. याला कंपनीच्या वह्यांत नाव काय होतं? गुंतवणूक! मी हा शब्द पहिल्यांदा वाचला तेव्हा वही मिटून चहा प्यायलो. इंग्लंडहून बंगालला येणाऱ्या चांदीचा ओघ आटला. रोने दीडशे वर्षांपूर्वी म्हटलं होतं की शिबंदी परवडत नाही. आता शिबंदीचा खर्चही रयतच उचलणार होती.

१७६९-७० मध्ये पाऊस गेला. बंगालच्या त्या दुष्काळात तिसरा हिस्सा माणसं मेली, असा अंदाज बंगालचा गव्हर्नर वॉरन हेस्टिंग्ज यानेच १७७२ मध्ये लंडनला कळवला. त्याच पत्रात हेही आहे की १७७१ ची निव्वळ वसुली १७६८ पेक्षा जास्त भरली. मेलेल्यांचा सारा जिवंतांकडून घेतला.

एक दिवस? प्लासीपासून दिवाणीपर्यंत आठ वर्षं गेली. तिथून ३ जून १८१८ ला दुसरा बाजीराव शरण येईपर्यंत आणखी त्रेपन्न. मध्ये १७७९ च्या जानेवारीत वडगावला इंग्रज फौजेने मराठ्यांपुढे हात टेकले, हैदरअलीने मद्रासच्या वेशीपर्यंत धडक मारली. एका दिवसात जाण्याइतका हा देश हलका नव्हता.

‘मूठभर गोरे’

गोरे मूठभर, फौज मूठभर नाही. फ्रेंचांनी १७४६ मध्ये अड्यार नदीकाठी दाखवून दिलं होतं की कवायत शिकलेले थोडे शिपाई नवाबाच्या मोठ्या फौजेला पळवू शकतात. इंग्रजांनी तो धडा गिरवला, आणि एकोणिसाव्या शतकाच्या सुरुवातीला कंपनीची फौज दीड लाखाच्या पुढे गेली, बहुतेक सगळी देशी माणसांची. पगार वेळेवर मिळायचा, हे त्यांचं खरं हत्यार. आमच्याकडे शिपाई सहा-सहा महिने थकबाकीसाठी धरणं धरून बसायचे. कंपनीला पगार वेळेवर देता यायचा कारण मागे बंगालचा सारा होता, आणि ऐन मोहिमेत रोकड कमी पडली तर बनारस, सुरतेच्या पेढ्या हुंडी वटवायला तयार होत्या.

पुढची युक्ती त्याहून सरस. फौज कंपनीची, खर्च राजाचा: तैनाती फौज. १७९८ मध्ये निजामाने घेतली. १८०२ च्या शेवटच्या दिवशी वसईला दुसऱ्या बाजीरावाने सही केली, त्यात सहा पलटणींच्या खर्चापोटी २६ लाख उत्पन्नाचा मुलूख लिहून दिला. खर्च थकला की मुलूख घ्यायचा, हे तारण ठेवून कर्ज देण्यासारखंच. अवधचा निम्मा मुलूख १८०१ मध्ये असाच गेला.

‘चुकून राज्य हातात आलं’

एवढं सांगूनही ग्रुपवर एकाने विचारलं, “पण भाऊ, त्यांच्या पार्लमेंटने तर राज्य वाढवू नका असं म्हटलं होतं ना?” म्हटलं होतं. दिवाणीच्या बातमीने लंडनमध्ये कंपनीचे शेअर फुगले, लाभांश वाढले, १७६७ पासून सरकारनेही आपला वाटा म्हणून वर्षाला चार लाख पौंड मागून घेतले. पाच वर्षांत फुगा फुटला, आणि त्याच कंपनीला १७७३ मध्ये सरकारने चौदा लाख पौंड कर्ज देऊन उचललं. सोबत नियंत्रणाचा कायदा आणला. १७८४ च्या कायद्यात लिहिलं की मुलूख जिंकण्याचे बेत राष्ट्राच्या इच्छेला, इभ्रतीला आणि धोरणाला धरून नाहीत. पुढच्या पस्तीस वर्षांत म्हैसूर, दिल्ली, पुणे. चूक एकदा होते. दर दहा वर्षांनी होते तिला आम्ही तपासणीत दुसरं नाव देत असू.

शेवटची नोंद मला सगळ्यांत बोलकी वाटते. १८१३ मध्ये भारताच्या व्यापारातली कंपनीची मक्तेदारी गेली. १८३३ च्या कायद्याने तिचा व्यापारच पूर्ण बंद केला. राज्य मात्र तिच्याकडे राहिलं. तराजू गेला, दौत-कलम आणि बंदूक उरली. भागधारकांचं काय? त्यांचा लाभांश साडेदहा टक्के ठरवून दिला, साठ लाख पौंडांच्या भांडवलावर वर्षाला सहा लाख तीस हजार पौंड, आणि तो बसवला भारताच्या महसुलावर. १८५७ झालं, १८५८ मध्ये राज्य राणीकडे गेलं, तरी लाभांश चालूच. १ जून १८७४ ला कंपनी कागदोपत्री संपली, तेव्हा शंभर पौंडांच्या शेअरचे दोनशे देऊन खाती मिटवली. त्याआधीच्या चाळीस वर्षांत व्यापार शून्य, लाभांश एकाही वर्षी थकलेला नाही.